आबांनी फोरट्रानमधली फंक्शन्स वाचली

मंडळी, आज दुपारी घडलेलं लगेच लिहितेय.

अर्धांगवायूनंतर माझ्या वडिलांची, आबांची, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, रोज मोठ्याने वाचायला लावा. पण वर्तमानपत्र पुढे धरलं की आबा मान फिरवतात.

सत्तरच्या दशकात त्यांनी धरणाच्या पाण्याचा हिशोब करणारा प्रोग्राम फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिला होता. कार्ला गावातल्या आमच्या घरी त्याचे छापील कागद होते. मी ते टाइप केले आणि त्यातली सगळी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे नाव दिलेले तुकडे, शोधून नावं दाखवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. आज ती त्यांच्यासमोर चालवली.

आबांनी पडद्यावरच्या एका नावावर बोट ठेवलं.

"न्हाई."

कितीतरी दिवसांनी त्यांचा शब्द ऐकला! कोड पाहिला, तर ती नुसती टीप होती; फोरट्रानमध्ये C ने सुरू होणारी ओळ संगणकासाठी नसते, वाचणाऱ्या माणसासाठी असते. स्क्रिप्टला ती फंक्शन वाटली होती. टिपा वगळून पुन्हा चालवली.

"आता बरोबर, आबा?"

"व्हय."

मग ते स्वतःच वाचू लागले. "पा... ऊस. गळ... ती." नावं त्यांनी मराठीतच ठेवली होती. तिसऱ्या नावाला जीभ अडली. रागाने मांडीवर हात आपटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि तिसरंही म्हटलं!

उद्यापासून वर्तमानपत्र बंद, कोडच वाचायचा. तुमच्या घरी कुणाची वाचा परत आली असेल, तर त्यांना बोलतं कशाने केलंत?