डावीकडची सीट

गाडी मी चालवायची आणि आईने शेजारी बसायचं, ही आमच्या घरची व्यवस्था बाबा गेल्यापासूनची. गाडी बाबांची. छोटीच, पेट्रोलवरची, निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. पाच वर्षं त्यांनी चालवली, पुढची पाच मी. दर रविवारी लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमधून निघायचं आणि फरीदाबादला मावशीकडे जेवायला जायचं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. गुडघ्यांमुळे तिचं घराबाहेर पडणं कधीच बंद झालं होतं. दोघी बहिणींची भेट व्हायची ती या गाडीच्या भरवशावर.

या वर्षी संक्रांतीनंतर आईने जाणं सोडलं. एका रविवारी कणकण, दुसऱ्या रविवारी पोट ठीक नाही, तिसऱ्या रविवारी, "तू जाऊन ये, मी आपली घरीच बरी." टॅक्सी करू का विचारलं, तर म्हणे, "घरची गाडी असताना टॅक्सी कशाला?" असं तीन महिने चाललं. मावशी तिकडे वाट बघत होती आणि मी एकटी गेले की तिचा चेहरा पडायचा.

माझा स्वभाव असा की कारण सापडलं नाही तर मी ते तयार करते. संक्रांतीला आईने केलेली गुळपोळी खाताना मावशी सहज म्हणाली होती, "गुळपोळी जरा कडक झालीय गं." झालं! आई रुसली, हे मी ठरवूनच टाकलं. मावशीला फोन करून चांगलं सुनावलं. बिचारीने लगेच आईला फोन करून माफी मागितली. आई फोन ठेवून म्हणाली, "हिला काय झालंय? कडक होतीच की गुळपोळी." तरीही माझे डोळे उघडले नाहीत.

ते उघडले एप्रिलमध्ये, आणि तेही दवाखान्यात तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातल्यावर. समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं, तेव्हा गाडी चालवणं शक्य नव्हतं. ऑफिसातली माझी हरियाणवी मैत्रीण सोबत होती. तिने किल्ली घेतली आणि मी डावीकडे बसले. बसताना जाणवलं की या सीटवर मी दहा वर्षांत पहिल्यांदा बसतेय. बाबा होते तेव्हा मी मागे, बाबा गेल्यावर मी स्टिअरिंगवर. ही सीट कायम आईची.

पहिल्या स्पीडब्रेकरला पायाखालून धाडकन आवाज आला आणि माकडहाडापासून मानेपर्यंत कळ गेली. गाडी पुढे जाऊनही डुलतच राहिली. मग लक्षात आलं की रस्त्याच्या कडेची मॅनहोलची झाकणं, उखडलेलं डांबर, सगळं डाव्या चाकाच्याच वाट्याला येतं. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, हातात धरायला स्टिअरिंग असतं. शेजारी बसणाऱ्याकडे फक्त खिडकीवरचं हँडल. मी ते धरायला गेले, तर ते एका बाजूने उपटून आलेलं. कोणीतरी महिनोन्‌महिने जीव मुठीत धरून ते ओढलं होतं.

"मैडम, आपके तो शॉकर गए," मैत्रीण म्हणाली. "इस सीट पे कोई बैठता भी है?"

"मम्मी," मी म्हटलं. घर येईपर्यंत मी धक्के मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच जवळच्या कोटल्याच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये हजर झाले. मिस्त्री वयस्क, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने बॉनेटचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग शेजारी उभी असलेली दुसरी गाडी तशीच दाबली. ती एकदा वर आली आणि गप उभी राहिली. "बस, इतना ही," तो म्हणाला. मी लगेच आमच्या गाडीचे उरलेले तीन कोपरे दाबून पाहिले. मागचे दोन शहाण्यासारखे वागले, पुढचा उजवाही डुलला. मला एकदम परीक्षेत उत्तर आल्यासारखं वाटलं.

चाक निघालं आणि आतली वस्तू दिसली. जाड स्प्रिंग, आणि तिच्या मधून गेलेली दांडी आणि नळकांडं. शॉकर म्हणतात तो हाच, याचं खरं नाव स्ट्रट. धक्का स्प्रिंग झेलते, पण ती पडली माझ्यासारखी, एकदा उसळली की थांबत नाही. तिला शांत करायचं काम नळकांड्यातल्या तेलाचं. आमच्या नळकांड्यातलं तेल बाहेर झिरपून त्यावर धूळ बसली होती, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर बसते तशी चिकट. ते बघताना मी इतकी वाकले की मिस्त्रीला त्याचा पाना सापडेना.

मग त्याने स्प्रिंगच्या वेढ्यांतून एक जाडजूड रबर उपसून काढलं. "ये किसने डलवाया?"

मीच. दिवाळीत. कॉलनीच्या ब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं, म्हणून रस्त्यावरच्या एका दुकानात दोन्हीकडे रबरं बसवून गाडी उंच करून घेतली होती आणि ऑफिसभर बढाया मारल्या होत्या. मिस्त्रीने रबर माझ्या हातात ठेवलं. "स्प्रिंग को काम ही नहीं करने दिया आपने. सारी चोट ऊपर."

दिवाळी, मग संक्रांत. हिशोब सरळ होता. स्ट्रट आधीच थकलेला असेल, पण आईला घरी बसवलं ते मीच. आणि वर बोलणी बसली मावशीला! मला इतकी लाज वाटली की मी ते रबर हातात धरून नुसतीच उभी राहिले.

पण लाज फार वेळ टिकली नाही, कारण पुढचं काम बघण्यासारखं होतं. बॉनेटखालचे तीन नट, खालचे दोन बोल्ट, आणि अख्खा स्ट्रट बाहेर. स्प्रिंग दोन्ही बाजूंनी शिकंज्यात दाबल्याशिवाय वरचा मोठा नट सोडायचा नाही, नाहीतर ती सुटून माणसाचा जबडा फोडते. "पीछे हटिए," तो म्हणाला. मी दोनच पावलं हटले. नट सुटल्यावर त्याने जुन्या स्ट्रटची दांडी दाबली, ती खाली गेली आणि तिथेच राहिली. नव्याची दाबली, तर ती हळूहळू, कुणाचीही घाई न ऐकता, आपली आपण वर आली. "मला द्या, मला द्या!" मी चक्क मराठीतच ओरडले. चार वेळा दाबून पाहिली. पाचव्या वेळी त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"सिर्फ बायाँ बदल दो," मी मध्येच म्हटलं होतं. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "एक आँख का चश्मा बनवाती हैं आप?" दोन्ही बदलले. वरची रबरी बैठक आणि धुळीपासून जपणारी टोपीही नवी घातली. स्ट्रट उघडला की चाकांचा कोन हलतो, म्हणून शेवटी अलाइनमेंट. निघताना त्याने बजावलं, चाक काढाल तेव्हा आत डोकावा, तेल दिसलं तर लगेच या.

दुपारी चारला आईसमोर उभी राहिले. "आई, खाली चल. फक्त गेटपर्यंत."

"आज नको गं, कणकण आहे."

"गेटपर्यंत यायला कणकण चालते. चल ना."

कुरकुरत बसली. गेटजवळचा ब्रेकर दिसताच तिने हँडल पकडलं, डोळे मिटले आणि सीटवरून चक्क चार बोटं वर स्वतःला उचलून धरलं. इतके दिवस ती असा प्रवास करत होती. मला रडूच आलं. गाडी ब्रेकरवर चढली, उतरली आणि गप झाली.

आईने डोळे उघडले. "आला नाही का अजून?"

"गेला."

तिने मागे वळून पाहिलं, खात्री करून घेतली. मग पदर सारखा करत म्हणाली, "अच्छा. मावशीला फोन लाव. चहाला येतोय म्हणावं."

"बोलली का नाहीस गं एवढे दिवस?"

"तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का? पाठ दुखते म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बाबांची गाडी विकून मोकळी झाली असतीस."

खरं होतं, विकलीच असती. मी गाडी फरीदाबादच्या रस्त्याला घातली. वाटेतलं बदरपूर येईपर्यंत तिने हँडल सोडलं होतं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती खिडकीतून बाहेर बघत होती.

मावशी काठी टेकत दारापर्यंत आली होती. आईचा हात धरून म्हणाली, "गेला का गं राग? गुळपोळी चांगलीच होती."

"राग कसला," आई चपला काढत म्हणाली. "रस्ता फार खराब होता. आता नीट केलाय त्यांनी."