पाणीवाले उंदीर

इंडोनेशियातल्या योग्यकार्ताच्या आमच्या औषधनिर्माण विभागात नामांकित प्राध्यापक बरेच होऊन गेले. उंदरांनी मानलेली व्यक्ती मात्र एकच, आणि ती प्राध्यापक नव्हती. बू पोनिरा, म्हणजे पोनिराबाई, उंदीरघर सांभाळत. पिंजऱ्यात हात घालण्याआधी त्या "आले हं" म्हणत, आणि उंदीर तळव्यावर येऊन बसत. आमच्या हातात तेच उंदीर चावत.

बूंचे गुडघे कायम सुजलेले. त्यांवर तांदूळ आणि कंद वाटून केलेला परेमचा पिवळट लेप. विभागात इतकी सुजेवरची औषधं तपासली जातात, एखादं घेऊन का बघत नाही, असं विचारलं तर म्हणत, "उंदरांना विचारा, पाक. घेतात तेच." पाक म्हणजे सर, म्हणजे मी.

वेनिंग माझी विद्यार्थिनी. बिनाहोंग वेलीच्या पानांचा अर्क सुजेवर चालतो का, हा तिचा विषय. रीत ठरलेली आहे. उंदराच्या मागच्या पायात समुद्रशेवाळाच्या भुकटीचं पाणी टोचायचं. पाय सुजतो. किती सुजला ते मधूनमधून मोजायचं. एका गटाला आधीच अर्क पाजलेला असतो, दुसऱ्याला बाजारातलं औषध, तिसऱ्याला नुसतं पाणी. तिसऱ्याचे पाय चांगले सुजले, तरच बाकीच्यांचे कमी सुजले असं म्हणता येतं. ओळखू यावेत म्हणून पाणीवाल्यांच्या शेपटीवर लाल पट्टा.

पहिल्या खेपेला दुपारचा नमाज आटोपून आम्ही परतलो, तर लाल शेपटीवाल्यांची सूज ओसरू लागलेली. पाण्याने असं काम पूर्वी कधी केल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. वेनिंगने एक उंदीर उचलून हुंगला.

"बू, याच्या पायाला काय लावलंय?"

"परेम." बू झाडत राहिल्या. "बाकीच्यांना औषध दिलंस ना गं पोरी? मग या लाल शेपटीवाल्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

"अहो बू, त्यांना काही द्यायचंच नसतं."

"कोणी ठरवलं हे?"

वेनिंगने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

सूज लेपाने उतरली, चोळण्याने की बूंच्या बोलण्याने, हे आजवर कळलेलं नाही. त्यावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही.

वेनिंगला आणखी एकदाच उंदीर मिळणार होते, आणि तिची शिष्यवृत्ती त्या सत्राबरोबर संपत होती. मी ठरवलं, त्या दिवशी बूंना सुट्टी द्यायची. आधी उरलेल्या चार उंदरांवर रंगीत तालीम केली. धरायला मी. उंदरांनी जिवाच्या आकांताने धडपड केली, माझा अंगठा फोडला, आणि त्यांचे पाय सुजलेच नाहीत म्हणावं इतके थोडे सुजले. घाबरलेलं शरीर सूज दाबणारा रस स्वतःच सोडतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. माझा अंगठा मात्र व्यवस्थित सुजला.

वेनिंग बूंपुढे जाऊन बसली.

"बू, तुम्हीच धरा. पण नुसतं धरा."

"पाय वर करून माझ्याकडे बघतील, तेव्हा?"

"बघू द्या."

"आणि मी काय करू?"

"काही नाही."

"काही न करण्याचा पगार पाकांना मिळतो. मला झाडण्याचा मिळतो."

वेनिंग हसली नाही. "या खेपेला नाही जमलं तर मी गावी जाते, बू. मग परत येणं नाही व्हायचं."

बू पुन्हा झाडू लागल्या.

चाचणीच्या दिवशी त्या गुडघ्यांना काही न लावता आल्या. "परेम हाताला राहतं," एवढंच म्हणाल्या. जिन्यावर मधे बसल्या, पण हात देऊ दिला नाही. मग एकेका उंदराला ओंजळीत घेऊन त्याच्याशी बोलू लागल्या. "सुजू दे रे राजा. थोडं सुजू दे. ताईची परीक्षा आहे."

दुपारी नमाजाला जाताना उंदीरघराला कुलूप घालावं, असं माझ्या मनात आलं. वेनिंग म्हणाली, "नको, पाक." म्हणाली खरी, पण परतताना माझ्यापुढे धावत होती.

बू पिंजऱ्यांसमोर बसल्या होत्या, दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून.

शेवटच्या मोजणीला लाल शेपटीवाल्यांचे पाय टरारून सुजलेले होते. अर्कवाल्यांचे बरेच कमी, औषधवाल्यांचे सगळ्यांत कमी. वेनिंग आकडे वाचता वाचता हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली.

"दुसऱ्याचा पाय सुजला म्हणून एवढी खूश होणारी पोर मी पहिल्यांदाच बघतेय," बू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "झालं तुमचं?"

"झालं."

"आता लावू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उंदरांना कायमचं झोपवायचं होतं. बूंना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. नंतर रिकामे पिंजरे त्याच धूत.

"लावा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून परेमची वाटी काढली. वेनिंगने उंदीर धरले. मी वाटी धरली.