कुलपाला हार

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. यंदा मंदीमुळे कारखानाच बंद पडला, म्हणून कामगारांनी झेंडूचा हार फाटकाच्या कुलपाला घालायचं ठरवलं.

मंदी काही देतेही. धुराडं थंडावल्यापासून मागचा डोंगर स्वच्छ दिसतो. एरवी मतांपुरते येणारे आमदार दोनदा येऊन गेले.

"अजून एक कारखाना बंद पडू दे, मुक्कामालाच येतील," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हार घातला तो लेथवरच्या एका कामगाराने. त्याच्या कडेवरच्या मुलीनेही डोळे मिटून हात जोडले.

"काय मागितलंस गं?" त्याने विचारलं.

"कारखाना बंदच राहू दे. म्हणजे तू रोज घरी असशील."

त्याने तिचा पापा घेतला. मग फुलं न विस्कटता कुलूप हळूच ओढून पाहिलं.