स्कायलॅब कुठं पडणार

शेळीच्या दुधाच्या चहाचा वास आला की मला स्कायलॅबचं साल आठवतं. अमेरिकेची ती प्रयोगशाळा आभाळातून कुठंही कोसळेल अशी बातमी होती, आणि माळशिरसकडच्या आमच्या वस्तीवर लोक कोंबड्या-बकरी कापून खात सुटले होते. "मरायचंच हाय तर पोट भरून मरू की," म्हणत चुलते दगडावर सुरी घासत बसले. आमची शेळी गाभण होती. तेवढ्यात वडिलांनी कुठून तरी पेपर आणला. घरात वाचता येणारी मी एकटी, सातवीतली. "वाच गं, कुटं पडतंय?" पेपरात लिहिलं होतं की नक्की सांगता येत नाही. शेळी माझ्या परकराचा काठ चघळत होती. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं, "समुद्रात पडणार." चुलत्यांनी मान वर केली. "तसंच लिवलंय?" "व्हय की, ठळक अक्षरात." सुरी थांबली. पुढचे दोन दिवस मी आभाळाकडं बघतच काढले. स्कायलॅब वस्तीवर पडली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं. पडली ती खरंच समुद्रात, थोडी पलीकडं ऑस्ट्रेलियात. चुलते सांगत फिरले, "आमच्या पोरीनं आदीच वाचलं हुतं." पुढं मी बी.ए. झाले, घरातली पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण चुलत्यांच्या लेखी मी त्या दिवशीच शिकलेली झाले, पेपरात नसलेलं वाचून.