पन्नासपैकी नऊ गुणांची अँबॅसिडर

याला गाड्यांमधलं कळतं अशी एकदा ख्याती झाली की माणूस कामातून गेला. लग्न असो, मुंज असो, कुणाच्या तेराव्याचं जेवण असो, खांद्यावर हात टाकून कोपऱ्यात नेतात आणि विचारतात, "पंधरा-सोळाच्या आत कुठली घेऊ रे? सनरूफ पाहिजे हं." सनरूफ! मे महिन्यात छत्री घेऊन भाजी आणायला जाणारी माणसं डोक्यावर काच बसवून घ्यायला वर लाखभर मोजतात. मी हल्ली सरळ सांगतो, कुठलीही घ्या. सगळ्यांची तोंडं सारखीच, कुणीतरी पाय दिल्यासारखी रागावलेली.

तर आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष मिलिंद बापट यांचा फोन आला. नगरला रॅली आहे, सावेडीहून नेवाशापर्यंत, आणि तू परीक्षक. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. छातीवर बिल्ला लावून मिरवायची हौस मलाही आहे, कशाला खोटं बोलू? वर गुणांचा तक्ताही मीच बनवून पाठवला. मूळपणा पन्नास गुण, चकाकी तीस, मालकाचा पोशाख वीस. मूळपणा म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा जे होतं ते सगळं तसंच आहे का. दुसऱ्या गाडीचा एक भाग सापडला की तीन गुण कट.

शुक्रवारी सकाळी सहाला पुणं सोडलं. पुढे येणाऱ्यांसाठी सांगतो, सहा म्हणजे सहा. साडेसहाला निघालात तर वाघोलीतच डबा उघडावा लागेल. वाघोली सुटली की शिरूर, सुपा करत तीन तासांत नगर. सुप्याच्या आसपास मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, रस्सा जहाल, पाव एकच जास्तीचा मिळतो आणि तोही मागून.

माझी स्वतःची गाडी तीन महिन्यांची आहे. ती मला सतत बोलते. पट्टा लावा, लेन सोडू नका, तुम्ही दमलात, चहा घ्या. एसी कमी करायचा तर पडद्यावर तीन वेळा बोट लावायचं, तेवढ्यात ट्रकच्या खाली जायचं. त्यातली बाई अजून "अहमदनगर" म्हणते, पाटीवर "अहिल्यानगर" लिहिलंय आणि मिसळवाला नुसतं "नगर" म्हणून मोकळा झाला. सावेडीत बाराशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. पार्किंग मात्र असं की आरसे मिटूनच आत शिरावं लागलं.

शनिवारी सकाळी सावेडीतल्या मैदानावर गाड्या जमल्या. अहाहा, काय ते प्रेम! एक गृहस्थ आपल्या पद्मिनीची जाळी दात घासायच्या ब्रशने घासत होते. बायको शेजारी उभी होती, तिला आत बसायची परवानगी नव्हती, सीटला सुरकुती पडते म्हणून. एकाने जीप आणली होती, इतकी लख्ख की तिने आयुष्यात चिखल पाहिला असेल तर शपथ. नवऱ्या मुलासारखे फेटे बांधलेली ही सगळी माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारत होती, "सुरू होते का?" आणि उत्तर देताना सगळे आभाळाकडे बघत होते.

तेवढ्यात फाटकातून एक पांढरी अँबॅसिडर आली. पांढरी म्हणजे मूळची पांढरी असावी. आतून धोतर-टोपीतले एक गृहस्थ आणि त्यांच्या मागून पिशवी सांभाळत त्यांची बायको उतरली. रंभाजीतात्या, देवळाली प्रवऱ्याचे. साठ वर्षांचे होईपर्यंत ट्रॅक्टर आणि ऑइल इंजिनं दुरुस्त केली, आता सत्तरी ओलांडलेली. माझा बिल्ला बघून ते थेट माझ्याकडे आले.

"तुमीच जाणकार व्हय?"

"हो," मी म्हटलं. लाज नावाची चीज नाही.

"मग ऐका सायब. घराम्होरं पत्र्याचं एकच शेड हाय. पोरानं नवी मोठी गाडी घेतलीया, मंगळवारी येतीया. ती शेडात, मंग ही कुटं? पोरगं म्हनतंय, भंगारात. सोमवारी भंगारवाला बोलावलाय. लई भांडलो. शेवटी म्हनला, एखाद्या जाणकारानं कागदावर लिवून दिलं की ही ठेवण्यासारखी हाय, तर ठेवू. म्हनून आलोय. बक्षीस नगं, कागद पायजे."

मी "बघू, बघू" म्हटलं. परीक्षकानं असंच म्हणायचं असतं.

मग तपासणी सुरू केली. काय सांगू! रेडिएटर ट्रॅक्टरचा. मागची सीट भंगारातल्या बसची. उजवा आरसा मोटरसायकलचा. दाराची आतली कडी लोखंडी कपाटाची. डिझेलच्या टाकीचं झाकण दुधाच्या किटलीचं आणि छताला आतून अस्तर म्हणून हिरवं इरकली लुगडं. मी प्रत्येक ओळ मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होतो आणि पुढे उणे तीन, उणे तीन. चौदा भाग सापडले. तात्या मागे हात बांधून उभे, मी काही लिहिलं की मान डोलवत होते. शेवटी बॉनेट उघडलं. इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटले, कान लावला आणि जमलेल्या आठ-दहा लोकांना म्हणालो, "ऐका. मूळ इंजिनाचा आवाजच वेगळा. हा ठेका दुसऱ्या कशाला येणार नाही." चौदा भागांचे बेचाळीस गुण कापल्यावर आठ उरत होते. इंजिनासाठी एक वाढवून दिला. मूळपणाचे पन्नासपैकी नऊ.

तात्या काहीतरी बोलायला पुढे आले, पण मी पुढच्या गाडीकडे वळलो होतो.

रॅली निघाली. सावेडी ते नेवासा साधारण साठ किलोमीटर, रस्ता चांगला, हंगाम असल्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मधूनमधून रस्ता अडवतात. त्यांच्या मागे हॉर्न वाजवू नका, ट्रॅक्टरवरची गाणी त्याहून मोठी असतात. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जीप थांबली. घोडेगावच्या अलीकडे पद्मिनी थांबली, आणि मालकाच्या बायकोला शेवटी आत बसायला मिळालं, कारण मालक धक्का मारत होते. तात्यांनी दोन्ही ठिकाणी अँबॅसिडर थांबवली, पिशवीतून पाना काढला, काहीतरी पिळलं, फुंकर मारली आणि गाड्या सुरू करून दिल्या. फेटेवाल्यांनी हात पुसायला त्यांना कागदी रुमाल दिले.

नेवासा फाट्यावर एका ढाब्यामागे जे बघितलं ते आधी लिहू की नको असं झालं होतं. लिहितोच. एका बिल्डरची लाल कंटेसा, चकचकीत, सपाट ट्रकवरून खाली उतरवली जात होती. मी बापटांकडे बघितलं.

"अरे, इथून पुढे चालणार आहे ना?" बापट म्हणाले. "मग चालली."

"पाच किलोमीटर?"

"तुझ्या तक्त्यात अंतराचा रकाना आहे का?"

नव्हता. गाडी चालते का, हाच रकाना नव्हता. मी जेवायला बसलो. दुपारच्या जेवणाला बासुंदी होती आणि ती बिल्डरकडून होती, हेही सांगून टाकतो.

नेवाशात देवळात जाऊन खांबाला हात लावला, प्रवरेच्या काठावर थोडं बसलो. जागा शांत आहे, अर्धा दिवस तरी ठेवा. बक्षीस कंटेसाला मिळालं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मग प्रत्येकाला आपापला गुणतक्ता दिला. तात्यांनी कागद उलटा-सुलटा करून नीट वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि माझ्याजवळ आले. आता हे शिव्या घालणार, असं वाटून मी बासुंदीच्या वाटीत बघायला लागलो.

"सायब, उद्या घरी जेवायला या. कागदाचं थोडं राह्यलंय."

घरी बोलावून मारतात की काय, असं बापट म्हणाले. मला रात्री नीट झोप लागली नाही.

रविवारी राहुरीच्या रस्त्याला लागलो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल काय लिहावं? माझी गाडी रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून स्वतःच स्टिअरिंग सांभाळते, त्यासाठी वेगळे पैसे भरलेत. इथे पट्टे शोधून शोधून ती दमली आणि पडद्यावर "सुविधा तात्पुरती बंद" लिहून गप्प झाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिची बडबड थांबली. चाळीस किलोमीटरला दीड तास धरा, पाठ दुखत असेल तर पट्टा बांधून या. राहुरीच्या पुढे डावं-उजवं विचारत देवळालीत पोचलो. दोन्ही बाजूंनी ऊस, घराच्या अंगणात मोठा कडुनिंब, आणि शेडात अँबॅसिडर.

आधी जेवण. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, ठेचा. तात्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणतात. त्यांनी वाढता वाढता विचारलं, "त्या कागदात माजं लुगडं लिवलंय का?"

"लिहिलंय, माई."

"रंग?"

"हिरवं इरकली."

"मंग ठीक हाय. न विचारता फाडलं ह्यांनी. पुरावा पायजे."

हात धुतल्यावर तात्यांनी कागद काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. "चौदा लिवलेत तुमी. सतरा हायेत. तीन राह्यले. गिअरवरची मूठ, ती बाभळीची, मी घडवलेली. बॅटरीचा पट्टा, तो बैलाच्या म्होरकीचा." ते थांबले. मग जरा अवघडून म्हणाले, "आन सायब, इंजिनच राह्यलं की."

"म्हणजे?"

"सरकारी जीपचं हाय. लिलावात घेतलं हुतं. आरसी बुकात नोंद बी हाय, तुमी उघडलं न्हाई. काल सांगाया आल्तो, पर तुमी आदी डोळं मिटलेलं, मंग फुडं गेलेलं."

धरणीमाते, पोटात घे! आठ-दहा लोकांसमोर "हा ठेका दुसऱ्या कशाला येणार नाही" म्हणालो होतो मी. वीस वर्षं गाड्यांवर लिहितोय, लोकांना अक्कल शिकवतोय, आणि जीपचं इंजिन अँबॅसिडरचं म्हणून कानाला लावून डोलत होतो. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की हे माझ्याकडून घाईत सुटलं.

तोवर त्यांचा मुलगा संतोष दुकानातून आला. गावात त्याचं खताचं दुकान आहे. तात्या चहा सांगायला आत गेले तसा तो हळूच म्हणाला, "सर, मला गुण वाचता येतात. पन्नासपैकी नऊ. म्हणजे नापास ना?"

"नापासच."

"काल तात्यांनी ती यादी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. रेडिएटर कुठल्या साली, सीट कुणाकडनं, सगळं. मी ह्याच गाडीतनं शाळेत गेलो, सर, कॉलेजात गेलो. मला ह्यातलं एक माहीत नव्हतं. मी नुसता ओरडायचो, डबडं, डबडं." त्यानं मान खाली घातली. "पण बोललो तसं वागायला पाहिजे. तुम्ही जाणकार आहात. तुम्हीच सांगा, ठेवण्यासारखी आहे का? लिहून द्या. नाहीतर उद्या नऊ वाजता भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय."

तात्या दारात उभे होते. हातातला चहाचा कप त्यांनी उंबऱ्यावरच ठेवला.

मला सरळ वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते विचारू नका. मी कागद मांडीवर घेतला. पंधरावी मूठ, सोळावा पट्टा, सतरावं इंजिन. प्रत्येकाचे तीन कापले, इंजिनाचा वाढवून दिलेला एकही काढला. सतरा त्रिक एक्कावन्न. नऊ खोडून शून्य केलं, कारण शून्याच्या खाली जायची सोय तक्त्यात नव्हती. मग तळाशी जागा होती तिथे शेरा लिहिला: "देवळालीहून सावेडी, तिथून नेवासा आणि परत देवळाली, ही गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि आली. वाटेत दोन गाड्या सुरू करून दिल्या. बक्षीस मिळालेली गाडी ट्रकवर आली होती. ठेवण्यासारखी ही एकच आहे." खाली सही, तारीख आणि खिशातला बिल्ला टाचणीनं टोचून दिला.

संतोषनं दोनदा वाचलं. "शून्य, तरी ठेवण्यासारखी?"

"हो. लिहून दिलंय."

उपरण्यानं तोंड पुसत तात्या शेडाकडे गेले. माई म्हणाल्या, "आता दिवसभर त्यातच बसत्याल."

परत येताना शिरूरपर्यंत माझी गाडी मला पुन्हा बोलायला लागली होती. एकूण खर्च पेट्रोल, खोली, खाणं मिळून सात हजारांच्या आत, पाठीला लावायचं मलम वेगळं.

संतोषनं त्या कागदाचा फोटो स्टेटसला ठेवला, तो फिरत फिरत बापटांपर्यंत पोचला आणि सोमवारी त्यांनी मला क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. निकालानंतर तक्ता बदलला आणि सभासदाची बदनामी केली, असे दोन आरोप. खरे आहेत. भाऊबंद नाराज झाले, याचं वाईट वाटलं नाही असं नाही, वीस वर्षांचे मित्र होते. पण गुणतक्ता मी पुन्हा बनवणार नाही. मला काय कळतं, ते मला कळलंय.

गेल्या आठवड्यात संतोषचा फोन आला.

"सर, तुमच्यामुळे शेडात तात्यांची गाडी आहे आणि माझी नवी कडुनिंबाखाली. कावळ्यांनी पार रांगोळी काढली. सनरूफवर तर विचारू नका."

"कव्हर घे की."

"घेणार होतो. तात्या म्हणाले, कशाला, मी शिवतो. खताच्या रिकाम्या गोण्यांचं शिवलं. फोटो पाठवलाय, बघा, पण हसू नका."

मी फोटो उघडला. बावीस लाखांची गाडी, वरून खाली युरियाच्या गोण्यांत गुंडाळलेली, आणि शेजारी सुई-दोरा घेऊन उभे असलेले तात्या, टोपी सरळ करून. मी हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग खिडकीतून खाली माझ्या गाडीकडे बघितलं आणि संतोषला विचारलं, "माझ्या गाडीचं माप पाठवू का?"