खड्याचे आभार

"पेशंटला सांगायचं का?" डॉक्टरांनी विचारलं. सीटी स्कॅनच्या फिल्मवर त्यांचं बोट तसंच होतं. पँक्रिअ‍ॅटिक कॅन्सर, म्हणजे स्वादुपिंडाचा. लिव्हरमध्येही पसरलेला. फार तर काही महिने.

मी म्हटलं, "नको, आई खचेल." खचेल म्हणे! नवऱ्याची दारू आणि तीन पोरं एकटीने निभावलेली वसईची बाई ती. खचले होते मी, नाव तिचं पुढे केलं.

बाहेर बाकावर आई जपमाळ घेऊन बसली होती. डोळे पिवळे, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. मी सांगितलं, पित्ताचा खडा आहे. "हात्तिच्या, खडाच ना," म्हणाली. नेरूळला माझ्या घरी येताना तिने चर्चपाशी रिक्षा थांबवायला लावली. मातेची नोव्हेना धरायची होती. नोव्हेना म्हणजे नऊ बुधवार, एकच मागणं.

त्याच आठवड्यात ईआरसीपी झाली. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात. अडकलेलं पित्त वाहू लागतं, कावीळ उतरते. कॅन्सर जिथल्या तिथे राहतो. डॉक्टरांनी हे मला दोनदा समजावलं. आईला मी सांगितलं, खडा काढला.

कावीळ उतरली, खाज गेली. आई तांदळाची भाकरी मागून खाऊ लागली. खडा निघाला तरी धरलेली नोव्हेना अर्ध्यात सोडत नाहीत; नऊही बुधवार तिने गुडघे टेकले. मी शेजारी टेकायचे आणि काय मागावं ते सुचायचं नाही.

मागणं पुरं झालं की आमच्याकडे आभारपत्र लिहून चर्चमधल्या पेटीत टाकतात. नोव्हेनेला ते सगळ्यांसमोर वाचतात, नाव नसतं. आईचा हात थरथरायचा म्हणून पत्र मी लिहिलं. हो, मीच. "माते, तुझ्या कृपेने माझा खडा निघाला. तुझी एक भाविक." ते वाचलं गेलं तेव्हा आईने पदर सारखा केला आणि मान ताठ ठेवली. मी पंख्याकडे बघत बसले.

पुढे तिच्या पोटात पाणी भरलं. असायटिस म्हणतात. पुन्हा ॲडमिट, पुन्हा सुई टोचून पाणी काढणं. आमच्या सोसायटीतल्या रोझीमावशींनी परस्पर फादरना कळवलं. चांगुलपणाच तो, त्यांना काय ठाऊक? फादर दुपारी तेलाची डबी घेऊन आले. हे आजाऱ्यांचं तैलाभ्यंग. आता कुठल्याही मोठ्या दुखण्यात देतात, पण आईच्या पिढीला ते मरणाआधीचं शेवटचं तेल.

आईने डबीकडे पाहिलं. "फादर, खड्याला तेल लावतात?"

फादरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलवेना, मला खरं. तेवढ्याने तिला समजलं. तिने गुपचूप कपाळ आणि दोन्ही तळवे पुढे केले.

फादर गेल्यावर म्हणाली, "रोज जपमाळेवर पन्नास वेळा मातेला विनवते, मरणाच्या वेळी जवळ राहा. ती वेळ आली, तर तू मला नऊ बुधवार खड्यासाठी विनवायला लावलंस. वर तिच्या समोर खोटी साक्ष."

मी रडायला लागले.

"रडू नकोस. आता तेही खरं वाटत नाही."

अकरा दिवस जगली. पाणी दे, कूस वळव, एवढंच बोलायची. एकदा मात्र कागद घ्यायला लावला. "लिही. गाळू नकोस काही." लिहून झाल्यावर चष्मा लावून स्वतः वाचलं, आणि घडी माझ्या हातात दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, धाडस नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला डॉक्टर हाच प्रश्न विचारतील. म्हणा, "पेशंटलाच विचारा." मरण तिचं होतं. तयारीही तिचीच होती, मी ती चोरली.

ती घडी मी चर्चमधल्या पेटीत टाकली, आणि तिला पुरल्यानंतरच्या बुधवारी पत्र वाचलं गेलं. "माते, खडा नव्हता. माझ्या मुलीने मला फसवलं आणि मी तुला. ते आभार खोटे होते. चांगलं मरण मागायचं राहून गेलं. तुझी एक भाविक."

शेजारची बाई कुजबुजली, "काय मुलगी म्हणायची ही!"

"मी," मी म्हटलं.

तिने आमच्या मधली पर्स उचलून मांडीवर घेतली.