नानांनी माघारी फिरवलेलं यान

नाना खोटं बोलले होते. तेही अख्ख्या गल्लीसमोर, स्टुलावर बसून.

हे मला आज दुपारी कळलं. त्यांच्या वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर.

नाना म्हणजे माझे वडील. शिंदखेड्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. औषधाच्या बाटल्यांवरचं इंग्लिश वाचतात, म्हणून गल्लीत त्यांचा भाव मोठा. आणि गल्लीतला पहिला टीव्हीही आमचाच. ब्लॅक अँड व्हाइट.

मी पाचवीत असताना त्यावर दर रविवारी एक इंग्लिश सिरीयल लागायची. अंतराळयान, कप्तान, दर आठवड्याला नवा ग्रह. कोणाला अक्षर कळायचं नाही, पण माणसं पार ओट्यापर्यंत बसलेली.

मग नाना टीव्हीशेजारी स्टूल ओढायचे आणि सगळ्यांचे डायलॉग अहिराणीत बोलायचे.

कप्तान अहिराणी. इंजिनियर अहिराणी. यानातली डॉक्टरीण कुठल्याही रोगावर "जेवाना नंतर दोन-दोन गोया" सांगायची.

परग्रहावरचे दुष्ट लोक मात्र शुद्ध पुणेरी मराठी बोलायचे. का ते नानांनाच ठाऊक.

त्यातला एक एपिसोड गल्लीत अजून कोणी विसरलेलं नाही.

यानातला एक कोवळा मेकॅनिक बर्फाच्या ग्रहावर हरवतो. शोधायला वेळ नाही, यान धोक्यात आहे. कप्तान काचेतून खाली बघत उभा.

समोर शेजारच्या सुमनअक्का बसल्या होत्या.

त्यांचा संजू दहावी नापास झाला, बापाचा मार खाल्ला आणि घरातून पळाला. सुरतेला कापडाच्या मागावर कामाला लागलाय, एवढंच कोणीतरी सांगितलेलं. आठ महिने पत्र नाही. घरातले म्हणायचे, गेला तर गेला, पोटाला चिमटा बसला की येईल.

अक्कांनी विचारलं, "नाना, काय बोली ऱ्हायना कप्तान?"

नाना जरा थांबले. मला वाटलं, घसा कोरडा पडला असेल.

मग म्हणाले, "कप्तान सांगस, आपला माणूसले आठे सोडीसन कोनी जावानं नही. गाडी माघारी फिरवा."

पडद्यावर यान डावीकडून उजवीकडे गेलं. अंतराळात पुढे कुठे आणि माघारी कुठे, कोणाला कळणार?

गल्लीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने अक्का एकट्या सुरतेला गेल्या. धुळ्यापलीकडे कधी पाऊल न टाकलेली बाई. पिशवीत भाकरी, ठेचा आणि संजूचा शाळेतला फोटो.

सुरतेच्या उधना भागात एकेका कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून विचारलं. कोणी हाकललं, कोणी चहा पाजला.

अकराव्या दिवशी संजूला घेऊनच स्टेशनवर उतरल्या. पोरगा काविळीने हळदीसारखा पिवळा पडलेला. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस तिथे पडून राहिला असता तर कठीण होतं.

आज संजूभाऊंचं धुळ्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हाताखाली नऊ माणसं.

तर आज पंगतीनंतर तेच म्हणाले, "वैशू, नानांचा तो एपिसोड लाव ना."

नेटवर शोधून ठेवलाच होता. मोठ्या टीव्हीवर लावला. खाली इंग्लिश सबटायटल.

आणि मी पहिल्यांदाच वाचलं, कप्तान खरं काय म्हणतो ते.

म्हणतो, एका माणसासाठी सगळ्यांचा जीव धोक्यात घालता येणार नाही. पुढे चला.

यान निघून गेलं. मागे नुसता बर्फ आणि तो एकटा पोरगा.

मला आजवर फक्त टाळ्या आठवत होत्या.

पलंगावर सुमनअक्का बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी माझा हात ओढला.

"वैशू, काय बोलना वं कप्तान?"

खोलीत इंग्लिश वाचणारी मी एकटीच. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. संजूभाऊसुद्धा.

काय सांगणार? ज्याचं ऐकून तुम्ही सुरत गाठलीत, तो कप्तान पळपुटा निघाला म्हणून?

माझ्याच्याने होईना. म्हणाले, "सांगस, आपला माणूसले सोडीसन जावानं नही. फिरनात ते माघारी."

अक्का हसायला लागल्या. तोंडात दात नाही, पण हसणं पोटातून.

"तू बी नानानीच आंडेर शे." म्हणजे नानांचीच लेक.

मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"माले तवयच समजनं व्हतं. इंग्लिश नही समजत, पन डोया शेतस ना माले. तो पोऱ्या बरफमा एकला पडेल व्हता. कप्तान निंघी गया."

"मंग?" मी विचारलं.

"म्हनीसन मी सुरतले गऊ."

संजूभाऊ उठले आणि आईच्या पायाशी जाऊन बसले. पन्नाशी उलटलेला माणूस हमसून रडला. आम्ही कोणी त्यांना गप्प केलं नाही.

इतकी वर्षं सगळी गल्ली याचं श्रेय नानांना द्यायची. नानाही मिशीतल्या मिशीत हसून घ्यायचे. आणि ही बाई त्यांचं खोटं पकडूनसुद्धा शेवटपर्यंत त्यांना कळू देत नाही.

मला आज दोघांचाही खूप अभिमान वाटतोय.

नाना, तुम्हाला तुमच्या लेकीची आणि साऱ्या गल्लीची भावपूर्ण श्रद्धांजली.

आणि सुमनअक्का, तुम्हाला वाकून नमस्कार.